खर्चुडीची दोन पानं

वच्छी गेली हे मला भाजीवालीनं सांगितलं. तिच्या भावानं नाही, भाचीनं नाही, आणि ज्यांच्यासाठी तिनं जन्मभर रंग कालवले त्या सरांनी तर नाहीच नाही. मंडईत मेथीची जुडी निवडत होते. नेहमीची हौसाबाई दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "बाई, तुमची ती चित्रवाली मैत्रीण गेली न्हवं परवा? लई वंगाळ वाटलं बघा. सगळी दुनिया चांगलं निवडून घेती, आन ह्या म्हणायच्या, हौसा, भोकं पडलेलं पान असंल तर दे." मी जुडी तिथंच ठेवली. "कोण गेली?" म्हणून परत विचारलं, जशा काही मला अशा चार-दोन मैत्रिणी होत्या! हौसाबाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ती ओशाळलीच. "तुमास्नी म्हाईत न्हवतं व्हय?" नव्हतं माहीत. ती मंगळवार पेठेत, मी शाहूपुरीत, मध्ये फार तर रिक्षाचं अंतर, आणि मला माहीत नव्हतं. पिशवी रिकामीच घेऊन घरी आले. खुर्चीत बसले. रडू येईल असं वाटलं होतं... पण आधी आला तो राग. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. रडून झालं आहे, राग मात्र अजून तसाच आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, हे मला कळतं. चांगलं लिहीनच, पुष्कळ आहे लिहिण्यासारखं. पण गोड गोड लिहायला मला कुणी सांगू नये.

वत्सला इंगवले हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. कसं ऐकणार? कुठं छापलेलंच नाही. तिची चित्रं मात्र तुम्ही पाहिली असतील. आपल्या भागातल्या रानफुलांवरचं ते हिरव्या कापडी बांधणीचं जाडजूड पुस्तक बऱ्याच शाळांच्या कपाटात असतं. त्यातलं झाडन् झाड वच्छीच्या हातचं आहे. पुस्तकावर नाव आमच्या सरांचं. सरांचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांचं त्यावाचून काही अडत नाही. मी सरांची विद्यार्थिनी. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागले, आणि पुढंमागं सरांच्या हाताखाली संशोधन करायचं हे डोक्यात पक्कं होतं. सन साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. सर तेव्हा ऐन उमेदीत होते. पन्हाळा, अंबा, दाजीपूर, सगळे डोंगर पालथे घालत होते आणि त्यांना चित्रं काढणारं माणूस पाहिजे होतं. आता आपल्या गावात चित्रकारांना काय तोटा? पण कुणी देवादिकांची काढणार, कुणी पैलवानांची, कुणी सिनेमाची. गवताच्या काडीपुढं दिवसभर मान मोडून कोण बसतंय? मी म्हटलं, "सर, माझी एक मैत्रीण आहे." आणि माझ्या पायांनी चालत जाऊन मीच सरांना वच्छीच्या दारात उभं केलं. एवढं एक मात्र कुणी नाकारू शकणार नाही, सरसुद्धा.

वच्छी माझी शाळेतली, एका बाकावरची. मूळची कोडोलीची. वडील नाटकाचे पडदे रंगवायचे, त्यापायी ते कुटुंब कोल्हापुरात आलेलं. राजवाडा, जंगल, नदीकाठ, जे मागाल ते तिचे वडील पडद्यावर उभं करायचे आणि ही खाली बसून गवत रंगवायची. ब्रश धरायला ती तिथं शिकली. पुढं तिचं लग्न झालं आणि मोडलं. का मोडलं ते ती कधी बोलली नाही, मीही कधी खोदून विचारलं नाही. भावाच्या घरी स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची. खोलीला एकच खिडकी, उत्तरेकडची. मला ती खोली अंधारी वाटायची, पण तिला त्या खिडकीचं कोण कौतुक! "ऊन येत न्हाय ते लई बेस हाय मालू. उन्हात हिरवा रंग फसवतो." भाऊ तसा वाईट नव्हता, पण मोडलेल्या लग्नाची बहीण घरात म्हटल्यावर त्याचे नियम होते. एकटीनं गावाबाहेर जायचं नाही, हा पहिला. डोंगरात जायचं तर नावच काढायचं नाही. त्यामुळं झाड तिच्या दारात यायला लागायचं. सरांची जीप यायची, ओल्या पोत्यात गुंडाळलेली झाडं उतरवून जायची. आणि रविवारी यायची मी, डोंगरावरून एस.टी.नं, ओल्या रुमालात काहीबाही घेऊन.

तिचं काम बघत बसणं हा माझा रविवार होता. झाड आलं की आधी तांब्यात पाणी, तोंडाला ओलं फडकं, त्यात झाड उभं. मग बराच वेळ नुसतीच बघत बसायची. मग एका पट्टीवर हिरव्याचे ठिपके ओढत जायची आणि ती पट्टी पानाला लावून बघायची... नाही, पुन्हा एक ठिपका... नाही, पुन्हा. ब्रशचं टोक काढायला तो तोंडात घालायची सवय होती, त्यानं खालच्या ओठावर कायम हिरवा डाग. भावजय म्हणायची, "वन्सं, लोक पान खाऊन तोंड लाल करत्यात, तुमचं जगावेगळंच." पांढरा रंग तिच्याकडं नव्हताच. पानावरची चकाकी म्हणजे न रंगवलेला कागद. झाडाच्या भोवती कागद मोकळा सोडायची, त्यात रेघ नाही, ठिपका नाही. नाव तर नाहीच नाही. त्यावरून मी तिच्याशी किती भांडले असेन! "अगं, कोपऱ्यात तरी बारीक लिही. उद्या कुणाला कळायचं हे कुणी काढलं?" तर म्हणायची, "नगं बाई. नजर तिकडं जाती. आमचा अण्णा म्हणायचा, पडद्यावर रंगवणाऱ्याचं नाव घालत न्हाईत. लोक नाटक बघायला येत्यात." आणि दुसरा तिचा हट्ट असा, की समोर जे आहे तेच काढायचं. पानाचं टोक वाळलेलं असेल तर वाळलेलं, किडीनं भोक पाडलं असेल तर भोक. मी एकदा म्हटलं, हे एक पान जरा चांगलं काढ की, बाकी झाड कसं देखणं आहे. तर तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी देवाची मूर्ती फोडायला सांगत होते. "भोक हाय तर हाय. मी कोण शिवणारी?"

आता खर्चुडीचं सांगते, कारण सगळं त्या खर्चुडीपाशीच येऊन थांबतं. खर्चुडी म्हणजे पावसाळ्यात उगवणारा बारीक वेल. कंदिलासारखं दिसतं म्हणून काही लोक तिच्या फुलाला कंदीलपुष्प म्हणतात. सहजासहजी दिसत नाही. कंद गोडसर लागतो म्हणून गुराखी उकरून खातात, त्यामुळं आणखीच दुर्मीळ. जोतिबाच्या उतारावर करवंदीच्या जाळीत चढलेला एक वेल मला सापडला. कंद जमिनीतच ठेवला आणि वरचा फुलांचा तुकडा तेवढा खुडून घेतला. एस.टी.त मांडीवर धरून आणला, वाटेत दोनदा रुमाल भिजवला. वच्छीनं तो तांब्यात उभा केला आणि म्हणाली, "मालू, हे बघितलंस?" समोरासमोरच्या दोन पानांना टोकाजवळ एकसारखी खाच होती. अगदी कात्रीनं कापल्यासारखी, एकाच जागी, एकाच मापाची. मी वनस्पतिशास्त्रवाली, मला वाटलं, अरे वा, हे काय नवीनच! तेवढ्यात वच्छीनं पान उलटं केलं. खाली एक अळी बसलेली, काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेली. वच्छी हसायलाच लागली. "हिचं काम हाय. पानं कोवळी असताना एकमेकीला चिकटून हुती. हिनं घास एकच घेतला, लागला दोघींना." आम्ही दोघी हसून हसून पार वेड्या झालो. तिनं अळी उचलून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली, रुईची पानं घातली, आणि चित्राला बसली. खाचा होत्या तशाच काढल्या. आणखी काही दिवसांनी मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, फाटकावर कुणी बाई आल्यात. बघते तर वच्छी! कधी घराबाहेर न पडणारी वच्छी, पदराखाली बरणी धरून उभी. बरणीत केशरी पंखांचं फुलपाखरू. "आपली चोरटी बघ गं कशी नटलीया!" आम्ही दोघींनी शाळेच्या मैदानात झाकण काढलं. ते लगेच उडालं नाही, वच्छीच्या मनगटावर थोडा वेळ बसलं. मुली गोळा झाल्या होत्या. तिला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

ते चित्र सरांकडं गेलं आणि मी विसरून गेले. पुस्तकाला वर्षं लागली. सत्तर साल उलटल्यावर ते बाहेर आलं. शाळेत प्रत आली त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत बसून मी पानं उलटत होते. खर्चुडी आली. सरांनी लिहिलं होतं, की जोतिबाच्या उतारावर आढळणारी ही खर्चुडी इतरांपेक्षा वेगळी आहे, कारण हिच्या समोरासमोरच्या पानांना टोकाशी सारखी खाच असते. वेगळा प्रकार म्हणून तिला नावसुद्धा दिलं होतं. मला आधी हसूच फुटलं. म्हणजे सरांनी झाड पाहिलंच नव्हतं! वच्छीचं चित्र पुढं ठेवून लिहून काढलं होतं. दुसरा वेल शोधायला जोतिबावर जायचीही त्यांना गरज वाटली नाही. मग मी वच्छीचं नाव शोधायला लागले. पुढं बघितलं, मागं बघितलं, प्रस्तावना वाचली. तिथं टंकलेखकाचे आभार होते. जीपच्या ड्रायव्हरचे नावानिशी आभार होते. आणि शेवटी, "चित्रांच्या कामी ज्यांचे साहाय्य झाले त्या सर्वांचे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तशीच उठून वच्छीकडं गेले. ती शांत. "असू दे गं." मी म्हटलं, असू दे काय? डोळे फोडून घेतलेस, मानेचा काटा ढिला झाला, आणि ड्रायव्हरच्या पंगतीलासुद्धा तुला बसवलं नाही?  मग मी खाचेचं काढलं, तेव्हा मात्र तिचा चेहरा पडला. "सरांनी मला विचारलंच न्हाय. विचारलं असतं तर सांगितलं नसतं व्हय?" मी म्हटलं, पुढच्या रविवारी प्रकाशनाचा समारंभ आहे, सगळ्यांसमोर मी उभी राहणार आहे. चित्रं तुझी आहेत आणि सरांनी ती बघून पुस्तक लिहिलंय, हे मी बोलणार. अळीची गोष्टसुद्धा सांगणार. "पण वच्छे, तुला विचारलं तर?" ब्रश धूत होती. पाण्यात ब्रश फिरवत म्हणाली, "विचारलं तर सांगीन की. जे हाय ते हाय." हे तिचे शब्द आहेत. माझं एक अक्षर त्यात नाही. त्या शब्दांच्या जिवावर मी उभी राहिले.

सभागृह भरलेलं होतं. पुण्याहून मोठी मोठी माणसं आली होती. हार झाले, भाषणं झाली, खाचेच्या खर्चुडीवर तर एका पाहुण्यांनी विशेष बोलून टाळ्या घेतल्या. मी उभी राहिले. आवाज मास्तरणीचा, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. मी विचारलं, "सर, पुस्तकातली सगळी चित्रं वत्सला इंगवले यांची आहेत. त्यांचं नाव पुस्तकात का नाही?" सर हसले. सर फार छान हसायचे. "मालती माझी विद्यार्थिनी आहे. मैत्रिणीसाठी तिचा जीव तुटतो, ते साहजिक आहे. पण चित्रं माझ्या देखरेखीखाली, माझ्या सूचनांप्रमाणे झाली आहेत. त्या बाईंनी रंग भरले." रंग भरले! मग माझा तोल सुटला. मी सगळं सांगितलं. वेल मी आणला, खाच अळीनं पाडली, अळी आम्ही बरणीत वाढवली, फुलपाखरू शाळेच्या मैदानात सोडलं. सरांनी ते झाड डोळ्यांनी पाहिलेलं नाही, चित्र बघून लिहिलं. सभागृहात खसखस पिकली. सरांचा चेहरा उतरला तो मी पाहिला. क्षणभरच. मग ते म्हणाले, "वत्सलाबाई इथं आहेत. त्यांनाच विचारू या."

बायकांच्या रांगेतून वच्छी उठली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. खालच्या ओठावर तो हिरवा डाग, म्हणजे सकाळीसुद्धा कामाला बसली असणार. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मी मात्र तिच्याकडं बघत होते, अगदी खात्रीनं, हसऱ्या चेहऱ्यानं, की आता बोल बाई... आणि ती म्हणाली, "अळी काय न्हवती. पानाला मुळातच खाच हुती. चित्रं सरांनी सांगितली तशी काढली." आणि बसली. पुढं टाळ्या वाजल्या. त्या कुणासाठी होत्या देव जाणे, पण सभागृहात उभी मी एकटीच होते. बसावं तर पाय वाकेनात. कुणीतरी मागून म्हणालं, "बसा आता बाई, झालं की." असं तोंडघशी मला आयुष्यात कुणी पाडलं नाही. आणि पाडलं ते कुणी, तर जी भोक पडलेलं पान बुजवायला तयार नव्हती तिनं. सर खोटं बोलले याचं मला तितकं काही वाटलं नाही. मोठी माणसं नाव टिकवायला बोलतात. पण वच्छी पानाबद्दल खोटं बोलली. पानाबद्दल!

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून तिच्याकडं गेले. ती खिडकीशी बसली होती. समोर तांब्यात एक ताजंतवानं झाड, जीपमधून आलेलं. पानांवर पाणी अजून होतं. मी दारातूनच विचारलं, "का खोटं बोललीस?" ती म्हणाली, "जीप बंद झाली असती मालू." मला कळेचना. "जीप?" "सर चिडले असते तर झाडं कोण आणणार हुतं? ह्या खोलीत बसून काय काढू मी, भिंत?" मी ओरडलेच. "मी आणली असती की! इतकी वर्षं आणतेच आहे ना?" तेव्हा वच्छीनं मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात, दुखवायचा विचारसुद्धा मनात नसल्यासारखं, म्हणाली, "तू किती आणशील? तू एस.टी.नं येतीस. तुझी झाडं येईपतोर मरगळत्यात."

झालं.  ते खरं होतं, म्हणूनच इतकं लागलं. माझे सगळे रविवार, ते ओले रुमाल, एस.टी.तल्या लोकांचे खाल्लेले टोमणे, सगळं तिनं एका वाक्यात केरात काढलं. नाव मिळावं म्हणून मी तिच्यासाठी जिवाचं रान करत होते, आणि तिला नाव नकोच होतं, मीही नको होते. तिला ताजं पान पाहिजे होतं. ते जो आणेल त्याच्या बाजूनं ती उभी राहिली. मी उंबऱ्यावरूनच परत फिरले. त्या खोलीत पुन्हा पाय ठेवला नाही. संशोधनाचं दार अर्थातच बंद झालं. सरांनी एका शब्दानं कधी काही म्हटलं नाही. मला कधी बोलावलंच नाही, एवढंच. गावात झालं, की मालतीबाई सरांवर जळतात. शाळेतच राहिले, मुलींना पानांचे प्रकार शिकवत राहिले. महाद्वार रोडला कधी वच्छी समोरून यायची. मी दुकानाच्या पाटीकडं बघायची. तीही बघायची तिसरीकडंच. तिच्या डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा लागलेला मी असाच रस्त्यात पाहिला.

बरीच वर्षं गेल्यावर एका दुपारी तिची भाची राणी दारात आली. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "मालूमावशी, आत्यानं दिलंय." उघडलं तर खर्चुडी. तोच वेल, तीच वळणं, तेच कंदील, देठाचा तोच जांभळट रंग. पाकळ्यांच्या टोकांशी कागद तसाच कोरा सोडलेला. हात तोच, जरा कापरा झालेला. फक्त समोरासमोरची ती दोन पानं अख्खी होती. खाच नव्हती.  समोर नसलेलं पान वच्छीनं जन्मात कधी काढलं नव्हतं. ती दोन पानं तिनं मनानं काढली होती, अळीनं खाण्याआधी असतील तशी, माझ्यासाठी. आता तुम्ही म्हणाल, बाईंचं मन विरघळलं असेल. विरघळलं की. आणि पाठोपाठ दुप्पट संतापही आला. म्हणजे बयो, खोटं बोलायला तुला अख्खं सभागृह लागलं, आणि खरं सांगायला माझी एकटीची खोली? चारचौघांत माझं नाक कापलंस आणि आता मागच्या दारानं ते चिकटवायला पाठवतेस? राणीनं विचारलं, "काय निरोप सांगू?" मी म्हटलं, "पोचलं म्हणून सांग." चित्राला चौकट केली, पलंगासमोरच्या भिंतीला लावलं. रोज सकाळी डोळे उघडले की समोर तीच. रोज वाटायचं, आज जावं. आणि रोज ते वाक्य आठवायचं, तुझी झाडं मरगळत्यात.

गेल्या आठवड्यात तिची शोकसभा झाली. गेले. सर आले होते, काठी टेकत, राणीच्या हाताला धरून.  "वत्सला म्हणजे माझा उजवा हात," असं म्हणाले. लोकांनी डोळे पुसले. मी नाही पुसले. उजवा हात म्हणे! हाताला कुणी नाव ठेवतं का? सभा संपल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. "मालती, पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. त्या खर्चुडीबद्दल पुण्याच्या मंडळींनी मागं काही शंका काढल्या होत्या. खाचेचा वेल म्हणे कुणाला परत सापडला नाही. तर ते जरा बदलून घ्यायचं आहे. राणी सांगत होती, वत्सलानं तुला खर्चुडीचं एक चित्र दिलंय, अख्ख्या पानांचं. ते दिलंस तर जुन्याच्या जागी घालू. तिची आठवणही राहील." मी विचारलं, "आणि नाव?" सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, तिनं स्वतः कधी नाव घातलं नाही. तिच्या इच्छेचा मान आपण ठेवायला नको का?"

घरी येऊन चित्रासमोर बसले. मला एक गोष्ट पक्की माहीत होती. वच्छी असती तर तिनं हे चित्र देऊन टाकलं असतं. सरांनी मागितल्या मागितल्या, पदरानं काच पुसून, वर ड्रायव्हरला चहा पाजून. तिच्या जिवंतपणी तिचं नाव मला वाचवता आलं नाही, कारण वाचवू नको म्हणणारी तीच होती. चित्र नाही दिलं, तर सर कुणाकडून तरी दुसरं काढून घेतील, आणि वच्छीचं शेवटचं खरं पान माझ्या पलंगासमोर पडून राहील. दिलं तर ते छापून येईल, सरांच्या नावाखाली, पुन्हा एकदा. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी चौकट उघडली. शाळेत नकाशांसाठी आणलेली काळी शाई होती, पाण्यानं न जाणारी. टाक घेतला. आधी खालच्या कोपऱ्यात हात नेला, मग थांबले. समासात लिहिलेलं नाव छापणारे सहज कापून टाकतात. म्हणून मी मध्ये लिहिलं. समोरासमोरच्या त्या दोन अख्ख्या पानांच्या बरोबर मध्ये, देठाला खेटून, तिनं झाडाला श्वास घ्यायला म्हणून सोडलेल्या कोऱ्या जागेत. वत्सला इंगवले. मास्तरणीच्या ठळक अक्षरात. "त" जरा फुटला, शाई पानाच्या कडेवर गेली. वच्छीनं बघितलं असतं तर माझं तोंड पाहिलं नसतं. नजर तिकडंच जाते, झाडाकडं जातच नाही. तिनं जन्मभर सांभाळलेली कोरी जागा मी पार नासवली, आणि नासवताना माझा हात जराही कापला नाही. वच्छे, तू माझा घात केलास, मी तुझ्या चित्राचा केला. फिट्टंफाट.

हे तुम्ही वाचाल तोपर्यंत चित्र सरांच्या घरी पोचलेलं असेल. वर्तमानपत्रात गुंडाळून, राणीच्याच हाती पाठवलं आहे. आता कात्री लावायचीच असेल, तर ती झाडालाच लावावी लागेल.